पुलावरची हाक

दादरच्या पुलावर आज संध्याकाळी कोणीतरी ‘कुंदा!’ अशी हाक मारली आणि मी वळले नाही. पश्चिमेकडचा जिना निम्मा उतरल्यावर ती हाक माझ्यासाठी असू शकेल हे ध्यानात आले. मागे पाहिले तेव्हा माणसांचा लोंढा होता आणि डोक्यावर झेंडूची टोपली घेतलेली एक बाई ‘ताई, बाजूला व्हा’ म्हणत होती. आवाज विद्यासारखा वाटला. पण विद्या आता कुठून येणार?

दुसऱ्या कोणा कुंदेला असेलही ती हाक. तरीही साडेदहा वाजले आहेत आणि मी अजून त्या जिन्यावरच अडकून पडले आहे.

पिशवीत ती कादंबरी होती, तिचाच हा परिणाम असावा. तिची नायिका मंगळावरच्या वसाहतीत तीन वेळा नवे शरीर घेते आणि दर वेळी नवे नाव. यंत्रांची वर्णने जेमतेम चार पाने. बाकी सारी तिची घालमेल, आणि ती फार बारकाईने टिपलेली आहे. नव्या हाताला जुनी सही जमेना म्हणून ती रात्रभर कागदावर गिरवत बसते, ते पान वाचताना परवा माझे स्टेशन चुकले होते. मात्र तिला जुन्या नावाने हाक मारणारे एकही माणूस पुढे उरत नाही, ही लेखकाने करून घेतलेली सोय मला पटली नाही.

मला शरीर बदलावे लागले नाही. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने ‘मृणाल’ लिहिले, पेढे वाटले. अण्णा तेवढे खिडकीपाशी उभे होते. असो. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवसांत बदलतात, मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र जन्मभर त्याच राहतात म्हणे; मग 24 वर्षे रोज कानावर पडलेले नाव त्यांतल्या एकीलाही आठवू नये? 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तरी आमच्या डब्यातल्या बायका अजून ‘एल्फिन्स्टन आलं का?’ असेच विचारतात. एका फलकाच्या वाट्याला आले ते मला मिळू नये, या विचाराने मघाशी डोळे भरून आले होते. आता लिहिलेले पुन्हा वाचताना हसू येते आहे, कारण त्या स्टेशनला निदान मागे वळून पाहावे लागत नाही.

नारळीकरांचे बरे होते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि पहिले बक्षीस जगतापांनी पटकावले. स्वतःच्या मर्जीने बदललेले आणि काम झाल्यावर उतरवून ठेवता येणारे नाव! आमच्या ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले गेले.

कादंबरी शनिवारी परत करायची आहे. तारीख पाहायला वाचनालयाचे कार्ड काढले, तर त्यावर ‘कुंदा आपटे’. लग्नाआधीचे सभासदत्व, आळसापोटी कधी बदलून घेतलेच नाही. खिडकीतले काका दर पंधरवड्याला चष्म्यावरून बघत ‘आपटे, कुंदा’ असे पुकारतात आणि मी बाकावरून ताडकन उठते. एकदाही दुसऱ्यांदा पुकारावे लागलेले नाही.