पेप्टाइडचा थर, जुलैची हवा आणि एएफएमची तारीख

बेत साधा होता. डायफिनाइलॲलनिन हे अवघ्या दोन अमिनो आम्लांचे पेप्टाइड सिलिकॉनच्या तुकड्यावर पातळ थरात सुकवायचे, तो थर गुळगुळीत असतानाच एएफएमखाली, म्हणजे अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, मोजायचा आणि मग पाण्याची वाफ देऊन त्यातून नॅनोनळ्या कशा उगवतात ते पाहायचे. अल्झायमरशी निगडित बीटा-अमिलॉइडमधला हा छोटा तुकडा पाण्यात आपोआप नळ्या रचतो, हे मेतल रेशेस आणि एहुद गाझित यांनी २००३ मध्ये दाखवले होते. प्रयोगशाळेतले काम दोन दिवसांत उरकले; अडलो तो एएफएमच्या अर्जापाशी.

अर्जात ‘नमुना जैविक आहे काय?’ असा रकाना होता. पेप्टाइड आहे म्हणून मी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले आणि तिथेच फसलो. चार दिवसांनी ‘जैवसुरक्षा समितीचे पत्र जोडावे’ असा शेरा मारून अर्ज परत आला. बाटलीतली पांढरी पूड रासायनिक रीतीने बनवलेली आहे, तिच्यात जिवंत असे काहीही नाही, हे मी खिडकीशी उभा राहून समजावले, तेव्हा ‘मग होय कशाला लिहिलंत?’ असे मलाच विचारण्यात आले. नवा अर्ज भरला, जुनी सही नव्या कागदाला चालत नसल्यामुळे मार्गदर्शकांमागे पुन्हा हिंडलो, आणि तारीख मिळाली ती आणखी अकरा दिवसांनंतरची.

दिवस जुलैचे होते आणि सिलिकॉनचा तुकडा पेट्री डिशमध्ये फळीवर पडून होता. तारखेला पाहतो तो गुळगुळीत थराचा पत्ता नाही. पडद्यावर आडव्यातिडव्या नळ्यांचे रान माजलेले. वाफ देण्याचे माझे काम पावसाळी हवेने परस्पर उरकले होते. ‘नळ्या तर झाल्या की!’ म्हणून तंत्रज्ञांनी माझे अभिनंदनही केले.

तेव्हा थर तारखेच्या दिवशी सकाळीच निर्वात डेसिकेटरमध्ये (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) सुकवावा आणि सिलिका जेलच्या डब्यातून न्यावा. जेलचे निळे मणी गुलाबी झाले असतील, तर तो डबा आणि उघडी फळी यांत फारसा फरक उरत नाही. मूळ द्रावणही दर वेळी ताजे करावे, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात. त्यासाठीचे द्रावक, हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉल, ५९ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे पिपेटमधून थेंब गळत राहतात. शिवाय ते त्वचेला आणि डोळ्यांना भाजते, म्हणून फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) काढू नये.

दुसऱ्या खेपेला तारीख नऊ दिवसांत मिळाली आणि थर काचेसारखा सपाट दिसला. रकान्यात अर्थातच ‘नाही’ लिहिले होते.