कारल्याचा रस, इन्सुलिनचं झाड आणि मटकीची उसळ

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ टक्के आली आणि ही बातमी नाशिकच्या आमच्या सिडकोतल्या गल्लीत माझ्याआधी पोचली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालूच होत्या. डॉक्टर डोस वाढवू म्हणाले, मी पुढच्या रिपोर्टपर्यंत मुदत मागितली. त्यांनी अट एकच घातली: ग्लुकोमीटर घ्या आणि काय खाल्ल्यावर किती होते ते वहीत लिहून आणा.

लगेच सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकूंच्या कुंडीत इन्सुलिनचं झाड आहे. "रोज सकाळी एक पान चावून खा भाऊ, गोळ्या सुटतील." साडूंनी कारल्याच्या रसाचा फॉरवर्ड पाठवला, कारल्यात म्हणे 'वनस्पतीचं इन्सुलिन' असतं. मी बीएस्सी केमिस्ट्री, अंबडला एका कंपनीत क्वालिटी बघतो. असलं काही आलं की मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही.

गंमत म्हणजे ही निव्वळ थाप नाही. जयपूरच्या संशोधकांनी कारल्यातून एक प्रथिन वेगळं काढलं होतं, पॉलिपेप्टाइड-पी. १९८१ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला आणि मधुमेहींची साखर त्याने उतरली हेही खरं. पण ते दिलं होतं त्वचेखाली टोचून! फॉरवर्डमध्ये नेमकी हीच ओळ गायब. प्रथिन पोटात गेलं की जठर आणि आतडी त्याचे तुकडे करतात, मग ते कारल्याचं असो की तुरीचं. इन्सुलिन १९२१ मध्ये सापडलं आणि आजही बहुतेकांना सुईनेच घ्यावं लागतं, गोळी गिळून भागत नाही, ते याच कारणाने. कारल्यात इतरही द्रव्यं आहेत, पण माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

काकूंच्या झाडाचं प्रकरण जरा वेगळं निघालं. पुण्यातल्या संशोधकांनी त्या पानांतून इन्सुलिनसारखं एक प्रथिन काढलं आणि तोंडावाटे दिल्यावरही मधुमेही उंदरांची साखर उतरली. हा निबंध २०१३ चा. तरी शुद्ध केलेलं प्रथिन, मोजलेला डोस आणि उंदीर कुठे, कुंडीतलं पान आणि मी कुठे! काकूंना नाही म्हणवेना, पान घेतलं, वहीत मात्र त्याची नोंद नाही.

सगळ्यात चलाख प्रथिन राजम्यातलं. ते रक्तात जाण्याच्या भानगडीतच पडत नाही. आतड्यात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज एन्झाइमला तिथेच अडवतं. पांढऱ्या राजम्याच्या अर्काच्या गोळ्या मिळतात त्या यासाठी. पण राजमा नीट शिजवला की हे प्रथिन निकामी होतं, आणि कच्चा खाल्ला तर दुसऱ्या एका प्रथिनामुळे उलट्या-जुलाब ठरलेले. म्हणजे घरी करायचा विषयच नाही.

मग उरलं आपलं रोजचं ताट. आहारतज्ज्ञ बाईंनी आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेतलं, कारण किडनीला त्रास असेल तर प्रथिनं वाढवायची नसतात. दोन्ही ठीक निघाल्यावर हिशेब मांडला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, माझं वजन ७२, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. त्या रात्री बायकोने वजनकाटा काढला आणि आमच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ किती जाते ते तोललं. जेमतेम २० ग्रॅम. १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, म्हणजे वाटीत चार-साडेचार ग्रॅम. "आणि आपण म्हणतो वरण-भात पौष्टिक," ती म्हणाली. शिवाय डाळीत पिष्ट प्रथिनाच्या दुपटीहून जास्त, हेही धरायचं.

खरा फरक पडला तो खाण्याच्या क्रमाने. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट तेच ठेवलं. एक दिवस नेहमीसारखा भात आधी, दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ, दही, काकडी आधी, मग पोळी, भात शेवटी. दोन तासांनी बोट टोचलं: पहिल्या दिवशी २३१, दुसऱ्या दिवशी १७८. पुन्हा करून पाहिलं तरी कल तोच. प्रथिन आधी गेलं की जठर सावकाश रिकामं होतं, आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं आणि भाताची साखर एकदम रक्तात उतरत नाही. उसळीतलं प्रथिन पचून तुकडे झालं तरी बिघडत नाही, त्याचं काम असंच होतं.

नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची तर घर बदलावं लागेल. ती सोडली नाही. मटकी जास्त सांगतो, शेव-फरसाण बाजूला, पाव एकच आणि तोही उसळ अर्धी संपल्यावर. तर्री कमी घ्यायला पाहिजे, ती घेत नाही असं म्हणणार नाही.

एक गोष्ट जपून. एका दुपारी चारच्या सुमाराला हात थरथरायला लागले, घाम फुटला, मीटरवर ६४. लगेच साखर घातलेला चहा घेतला आणि डॉक्टरांना फोन केला. ग्लिमेपिराइड खाल्लेलं असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते, त्यात मी भात कमी केलेला. त्यांनी तिचा डोस निम्म्यावर आणला. न सांगता वर कारल्याचा रसही चालू असता तर दोष कुणाचा हेच कळलं नसतं.

पुढचा रिपोर्ट ७.१. संध्याकाळचं चालणंही याच काळात वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मटकीला देत नाही. मेटफॉर्मिन आहे तशीच. मीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून आता रोज टोचत नाही, नवीन पदार्थ आला की तेवढाच तपासतो. एकादशीला बायको म्हणाली, देवाच्या दिवशी मीटर काढू नका. काढलाच. साबुदाण्याची खिचडी त्या दिवसापासून बंद, भगर दोन घास, शेंगदाण्याची आमटी मात्र वाटीभर.