डेटाबेस हलवताना कोल्हापूरचा ‘कोल्हा’ झाला

होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टशी मी नऊ दिवस भांडलो आणि ज्या फाइलवरून भांडलो ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्या नावानं खडे फोडायला लागलो की तुम्ही हिशेब लावू शकाल. तरी राग गेलेला नाही.

काम साधं होतं. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर बारा-तेरा वर्षांपूर्वी कोणीतरी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत लिहून दिलेलं. शेतकरी, गाव, रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल आणि शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा छापील हिशेब. मागे माहिती साठवायला मायएसक्यूएल हा डेटाबेस, आवृत्ती ५.५. होस्टिंगवाल्यांचा मेल आला की जुना सर्व्हर बंद होतोय, नव्यावर चला. नव्यावर होतं ८.०. मालकांनी मला बोलावून घेतलं आणि चहा सांगायच्या आधीच विचारलं, “पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतोय, तवर हुतंय न्हवं?” मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे काका.

कंपनीच्या पॅनेलवरून बॅकअप मागवला, फाइल आली. एडिटरमध्ये उघडली तर मराठी कुठेच नाही. डोक्यावर तिरकी काडी असलेला इंग्रजी ए, त्यापुढे चार शिंगं फुटलेलं वर्तुळ, मग काहीतरी, परत तोच ए, आणि मधेच जपानी येनचं चिन्ह. गुळाच्या पेढीत येन! पीएचपीमायअॅडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस आतून दाखवणाऱ्या पानावर, बघितलं तर तिथेही तेच. पण दुकानातल्या ब्राउझरवर जुनं सॉफ्टवेअर उघडलं की मराठी स्वच्छ.

हे का होतं ते मला अंधुक माहीत होतं. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनचा. ५.७ पर्यंत त्यात काही न सांगता टेबल बनवलं तर ते लॅटिन-१ या फक्त पश्चिम युरोपातल्या अक्षरांच्या सांकेतिक लिपीत बनायचं आणि अक्षरं लावायचा क्रमही स्वीडिश असायचा. युटीएफ-८ ही जगातल्या सगळ्या लिप्या मावणारी पद्धत; तिचं मायएसक्यूएलमधलं पूर्ण रूप, युटीएफ-८-एमबी-४, आपोआप मिळायला २०१८ साली ८.० यावं लागलं. जुन्या सॉफ्टवेअरचं पान युटीएफ-८, टेबल लॅटिन-१ आणि मधली जोडणीही लॅटिन-१. म्हणजे मराठीचे बाइट, अक्षरांमागचे साठवलेले आकडे, जसेच्या तसे आत जायचे, जसेच्या तसे बाहेर यायचे. डेटाबेसला वाटत होतं आपण युरोपातली अक्षरं सांभाळतोय. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही.

मग मी सपोर्टकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं: डंप (डेटाबेसच्या बॅकअपची फाइल) लॅटिन-१ मध्ये काढून द्या. उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करा. दुसऱ्या तिकिटात स्क्रीनशॉट जोडला. उत्तर, “आमच्या बाजूने सर्व्हर व्यवस्थित चालू आहे.” तिसऱ्याला कुणीतरी नवीन माणूस, त्यानं पहिल्यापासून सगळं परत विचारलं, डोमेनच्या नावासकट. चौथ्या दिवशी फोन लागला. बावीस मिनिटं संगीत ऐकलं आणि पलीकडच्याने सांगितलं की फोनवर फक्त बिलाचं काम बघतात. सहाव्या दिवशी कुणीतरी आपल्या मनानं ताजा बॅकअप काढून पाठवला, हुबेहूब पहिल्यासारखा. आठव्या दिवशी मेल: आपला प्रश्न सुटला आहे असे समजून तिकीट बंद करीत आहोत. त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर एकटाच दोन फेऱ्या मारल्या, घरी कुणाशी बोललो नाही.

नवव्या रात्री, खरं तर चिडून, ती पहिलीच फाइल काहीही न बदलता लॅपटॉपवरच्या ८.० मध्ये ओतली. मग दोन्हीकडे एकच क्वेरी चालवली, गावाच्या रकान्यावर हेक्स, म्हणजे अक्षरांऐवजी त्यांचे बाइट उघडे दाखवणारी. जुन्या सर्व्हरवर ‘कोल्हापूर’ सुरू होत होतं ई०-ए४-९५ ने. माझ्याकडेही ई०-ए४-९५. एकूण एक बाइट सारखा. कारण फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की मजकूर युटीएफ-८ मध्ये आहे, आणि टेबलाच्या व्याख्येत लिहिलेलं असतं लॅटिन-१. आत ओतताना मायएसक्यूएल उलटं रूपांतर करून मूळ बाइट परत देतं. एडिटरमध्ये दिसणारा कचरा हा फक्त दिसण्यापुरता होता. हे एक वाक्य त्या कंपनीतल्या एकाही माणसाला नऊ दिवसांत सांगता आलं नाही. मलाही सुचलं नाही हे खरं, पण महिन्याचे पैसे मी घेत नव्हतो.

तेव्हा मराठी बिघडलेली दिसली की आधी हेक्स बघा, एडिटर नाही. मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, ई०-ए४ नाहीतर ई०-ए५ ने सुरू होणारं. ए५ म्हणजेच तो येन.

पुढचं अर्ध्या तासाचं. रकाना आधी व्हारबायनरी, म्हणजे नुसत्या बाइटचा, करायचा, म्हणजे मायएसक्यूएल अक्षरांचा विचार सोडून देतं, आणि मग परत अक्षरांचा, व्हारकॅर, युटीएफ-८-एमबी-४. टेबलाला थेट ‘कन्व्हर्ट टू’ हा हुकूम लावायचा नाही, त्यानं तो कचराच इमानेइतबारे युटीएफ-८ मध्ये बसतो. विंडोजवर डंप काढणार असाल तर पॉवरशेल या हुकूम टाइप करायच्या खिडकीत फाइलकडे वळवणारं बाणाचं चिन्ह (>) वापरू नका, जुनं पॉवरशेल फाइल युटीएफ-१६ करून ठेवतं. डंपच्या हुकमालाच रिझल्ट-फाइल हा पर्याय द्या.

शेतकऱ्यांची नावं बदलली. गावाचा रकाना अडला. ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’, आणि पुढे लटकलेले दोनच बाइट, ई०-ए४. तिसरा कुठे गेला?

रकान्याची लांबी होती वीस. लॅटिन-१ मध्ये वीस म्हणजे वीस बाइट. त्यात मराठीची पूर्ण चिन्हं मावतात सहा, वर दोन बाइट उरतात. क, काना-मात्रा, ल, हलन्त, ह, काना. झाले सहा. ‘कोल्हा’. ५.५ मध्ये स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारा मजकूर नाकारणारी शिस्त, आपोआप नसायचा, त्यामुळे उरलेलं ‘पूर’ गुपचूप कापलं जायचं. गडहिंग्लजचं ‘गडहिंग’, हातकणंगल्याचं ‘हातकणं’, राधानगरीचं ‘राधानग’. कागल, शिरोळ वाचले. भुदरगड बरोब्बर सहात बसला.

पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींना विचारलं, अहो, पट्टीवर हे कधी दिसलं नाही का? “दिसतंय की. तिथं काळं चौकट येतंय न्हवं, प्रिंटर खराब हाय. आम्ही पेननं पूर लिव्हतो.” त्यांनी जुनी पट्टी काढून दाखवली. छापील ‘कोल्हा’, तुटलेल्या अक्षराचं काळं चौकट, आणि त्याच्या पुढे निळ्या शाईत, बारीक वळणदार, ‘पूर’. आधीच्याही पट्ट्यांवर तेच. इतकी वर्षं डेटाबेसची दुरुस्ती हाताने चालली होती.

तुटके बाइट पायथनने छाटले, रकाना शंभरचा केला आणि अर्धवट गावांची यादी काढून दिवाणजींसमोर ठेवली. त्यांनी अर्ध्या तासात सगळी ओळखली. जाता जाता एक राहिलं होतं: पीएचपीच्या जोडणीतही युटीएफ-८-एमबी-४ ची ओळ टाका. मी विसरलो होतो, त्या दिवसाच्या चार नोंदी परत कराव्या लागल्या.

पाडव्याला सौदा निघाला, पट्टीवर अख्खं कोल्हापूर छापून आलं. काकांनी बिल न बघता दिलं.

अडलेत फक्त शिरोलीवाले. शिरोली पुलाची आणि शिरोली दुमाला ही दोन गावं, दोन्हींची पहिली सहा चिन्हं तीच, आणि एकाच नावाचे शेतकरी दोन्हीकडे. अकरा नोंदी अजून तशाच आहेत. दिवाणजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. उचल मागायला येतील तवा इचारू.”