तुम्ही विचारलंत म्हणून: क्वांटमपुढे विज्ञानानं हात टेकले, हे मी का मान्य करत नाही

"तुम्ही लिनक्सवाले प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणता, लॉग बघा म्हणता, मग क्वांटमपुढे सायन्सनं हात टेकलेत हे एकदा कबूल का करत नाही?" (लिनक्स ही कॉम्प्युटरची खुली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि लॉग म्हणजे तिनं काय काय केलं त्याची नोंद.) हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर विचारलाय, ऑफिसात विचारलाय, आणि गेल्या दिवाळीत फराळाची ताटली हातात असताना सख्ख्या मावसभावानंही विचारलाय. सगळ्यांना दोन मिनिटांत उत्तर हवं असतं आणि दोन मिनिटांत मी जे बोलतो ते उर्मट वाटतं, असं मला घरातूनच सांगण्यात आलंय. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, लांबलं तर लांबू दे.

पहिलं म्हणजे, विज्ञानाला मर्यादा नाहीत असं मी कधीही म्हटलेलं नाही. आमच्या ग्रुपात रविवारी मिसळीवर जे वाद होतात त्यातला निम्मा वेळ मर्यादांवरच जातो. सुरुवात पॅकेजवरून, म्हणजे लिनक्सवर बसवायच्या सॉफ्टवेअरवरून होते. कुणीतरी डेबियन स्टेबलवर (लिनक्सची एक सावकाश बदलणारी, पक्की आवृत्ती) बाहेरची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, घातलेली असते, लिबसी या पायाभूत लायब्ररीचं व्हर्जन जुळत नाही आणि पॅकेज बसवणारं एप्ट सांगतं, अनमेट डिपेंडन्सीज, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस, म्हणजे लागणारी पॅकेजं जुळत नाहीत. मग आर्च नावाचं दुसरं लिनक्स वापरणारा म्हणतो रोलिंग, म्हणजे सतत नवं होत राहणारं, घे आणि सुटका करून घे, निक्स वापरणारा म्हणतो प्रत्येक पॅकेज आपापल्या हॅशच्या, म्हणजे वेगळ्या ओळख-क्रमांकाच्या, फोल्डरात ठेवलं की दोन व्हर्जनं शेजारी शेजारी सुखानं नांदतात, आणि मी स्टेबलची बाजू लावून धरतो. मला एप्टचं ते वागणं मनापासून पटतं. जमत नसेल तर जमत नाही म्हणतं, आणि कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन आडवं येतंय त्याचं नाव घेतं. मर्यादा सांगायची तर अशी सांगावी, एवढंच माझं मागणं आहे.

आणि कॉम्प्युटरच्या दुनियेत सगळं कळतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हेही सांगतो. पॅकेजांचा ढीग आहे, कुणाला कोण लागतं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही याची यादी आहे, तर अमुक पॅकेज बसेल का, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे गणितातल्या एका कुप्रसिद्ध अवघड वर्गातला, आहे आणि तसं सिद्ध झालेलं आहे. सगळी माहिती समोर उघडी आहे, लपलेलं काही नाही, तरी प्रत्येक केसमध्ये झटपट उत्तर काढणारी रीत आज कुणाकडे नाही. ओपनसुसे या लिनक्सनं २००८ मध्ये सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशी कोडी सोडवणारा प्रोग्रॅम, वापरायला घेतला तो यासाठीच, आणि २०२५ मध्ये डेबियन १३ बरोबर आलेल्या एप्ट ३.० मध्येसुद्धा नवीन सॉल्व्हर आहे. त्याच्या पलीकडे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग. त्यानं १९३६ मध्येच दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. ही मर्यादा कष्टानं ओलांडता येणारी नाही, आणि ती विज्ञानाच्या विरोधकांनी शोधलेली नाही, गणितानंच स्वतः सिद्ध करून ठेवलीये. २०१५ मध्ये तर तिघा संशोधकांनी हेच क्वांटमपर्यंत नेलं. पदार्थाच्या क्वांटम मॉडेलमध्ये स्पेक्ट्रल गॅप, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जा आणि तिच्या वरची ऊर्जा यांत अंतर, आहे की नाही, हे सगळ्या केसेसमध्ये ठरवणारा अल्गोरिदम शक्यच नाही.

तर मर्यादा मला माहीत आहेत. माझं भांडण मर्यादेशी नाही, मर्यादेचं नाव सांगून जे विकलं जातं त्याच्याशी आहे. आणि ते का, ते सांगायचं तर मावशीचं सांगावं लागेल.

मावशीला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन ग्रंथी पूर्ण काढली, आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी मुंबईला जाऊन रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घ्यायचं ठरलं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून आयोडीन-१३१ दिलं की ते नेमकं त्या पेशींत जाऊन बसतं आणि आतून किरणोत्सर्ग करून त्यांना मारतं. त्याआधी काही आठवडे थायरॉइडची गोळी बंद आणि आयोडीनचं मीठही बंद. गोळी बंद झाल्यावर माणसाचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. चेहरा सुजलेला, आवाज जड झालेला, मे महिन्यात पंचवटीतल्या त्या तापलेल्या घरात स्वेटर घालून बसायची आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची.

त्या दिवसांत मावसभावाच्या ओळखीनं एक जण घरी आला. लॅपटॉप, एक छोटा डबा, डब्याला वायर आणि वायरीच्या टोकाला पितळी रंगाची कांडी. क्वांटम अ‍ॅनालायझर म्हणे. त्यानं मावशीचं नाव, वय, उंची, वजन टाइप केलं, कांडी मुठीत धरायला लावली, मिनिटभर स्क्रीनवर शरीराची रंगीत चित्रं फिरली आणि रिपोर्ट निघाला, पानंच्या पानं. हृदय, यकृत, हाडांतलं कॅल्शियम, जीवनसत्त्वं. एक पान थायरॉइडचं होतं आणि त्या पानावरच्या प्रत्येक ओळीपुढे नॉर्मल लिहिलेलं होतं.

मी ते पान दोनदा वाचलं. मग त्याला म्हटलं, अहो, ही ग्रंथी काढून टाकलीये, गळ्यावर टाके दिसतायत बघा. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "दादा, ग्रंथी काढली तरी तिचं क्वांटम फील्ड शरीरात राहतं, मशीन ते वाचतं. तुम्ही कॉम्प्युटरमधले, तुम्हाला तर माहितीच असेल, क्वांटम लेव्हलला सायन्सचे नियम चालत नाहीत." मी म्हटलं चालतात, ते चालतात म्हणूनच तुमच्या लॅपटॉपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालतोय. मग मी कांडी स्वतःच्या हातात घेतली आणि मावशीचंच नाव-वय-वजन ठेवून परत चालवा म्हटलं. तो नको नको म्हणत होता पण मावसभावच म्हणाला चालवा, बघू तरी. माझ्या मुठीतून जवळजवळ तोच रिपोर्ट निघाला, गर्भाशयाच्या पानासकट. मला वाटलं आता विषय संपला.

मावशीनं दोन्ही रिपोर्ट बाजूला सारले आणि मला विचारलं, "ते राहू दे. तू सांग, मुंबईचं औषध घेतलं की मी बरी होणार ना?" मी म्हटलं, अगं मावशी, या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बहुतेक जण बरे होतात, पण तुझ्या एकटीबद्दल खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तो सांगतोय ना."

मुंबईची तारीख तिनं रद्द केली. गोळी मात्र बंदच राहिली, कारण रिपोर्टवर थायरॉइड नॉर्मल होतं ना, आणि डॉक्टरांना विचारायचं कुणी? त्या माणसानं पुढच्या खेपेला एक क्वांटम लॉकेट आणून दिलं, वाईट रेडिएशनपासून रक्षण करणारं. या लॉकेटांबद्दल एक सांगतो, डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा विभागानं असल्या १० वस्तू तपासून जाहीर केलं की त्या स्वतःच किरणोत्सर्गी आहेत, वापरू नका. मावशीचं लॉकेट तसलं आहे की नुसता धातूचा तुकडा, ते मी तपासू शकलेलो नाही, ती गळ्यातून काढून देत नाही. पुढे एकदा ती बाथरूममधून येताना चक्कर येऊन पडली, तेव्हा मावसभावानंच डॉक्टरांना फोन लावला, आणि नवीन तारीख मिळाल्यावर पंचवटी एक्स्प्रेसनं आम्ही तिला घेऊन गेलो. आयोडीन घेतल्यावर वेगळ्या खोलीत एकटीला ठेवलं होतं, ताट दाराशी ठेवून जायचे. नंतरचा स्कॅन साफ आला. आज ती बरी आहे आणि घरात श्रेय लॉकेटाला आहे.

आता मावसभावाचा दिवाळीतला प्रश्न नीट ऐका. तो म्हणतो, "बरी झाली ना शेवटी? आणि तुझं सायन्स तर सांगू पण शकलं नव्हतं." या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात.

एकट्या माणसाचं सांगता येत नाही कारण त्याच्या शरीरात कारणं असतात, ती आपल्याला पुरती माहीत नसतात. उद्या जास्त कळेल, परवा आणखी. आयोडीनच्या अणूचं तसं नाही. आयोडीन-१३१ ची हाफ लाइफ साधारण ८ दिवस, म्हणजे ८ दिवसांत निम्मे अणू फुटणार, आणि हा आकडा इतका पक्का आहे की पेशंटला खोलीबाहेर कधी सोडायचं त्याच्या हिशेबात तो धरला जातो. पण एका अणूवर बोट ठेवून हा कधी फुटेल विचारलंत तर उत्तर नाही. म्हणजे विज्ञान जिथं सांगू शकत नाही असं तुम्ही म्हणता, नेमक्या त्याच गोष्टीनं मावशीच्या गळ्यातल्या पेशी मारल्या. कुठला अणू कधी, हे कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. न कळण्याचा तो भाग किती आहे, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे माहीत होतं. त्या कांडीवाल्याला यातलं काय माहीत होतं?

आणि एकीच्या बरं होण्यावरून लॉकेट सिद्ध होत नाही, तसंच उशीर झाल्यानं तिचं काही बिघडलं का, हेही मला तिच्या एकटीवरून सांगता येत नाही. मला ते सांगता यायला हवं होतं, फार राग आहे मनात, पण नाही येत. अशा गोष्टी संख्येनंच कळतात. नारळीकर सरांनी २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली ती आठवा, २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका, मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम एवढंच ओळखायचं. बरोबर आली ४६ टक्के, नाणं उडवून ५० आली असती. त्यातल्याही एखाद्या ज्योतिषाची एखादी पत्रिका अचूक निघालीच असणार, आणि ज्याच्या घरी ती निघाली तो जन्मभर शपथेवर सांगेल की खरं असतं म्हणून.

इथं मला स्वतःच्याच जुन्या रूपाशी भांडावं लागतं. विशीतला मी म्हणायचो की रँडम असं काही नसतंच, कारण सापडलेलं नसतं एवढंच. त्याच्याकडे पुरावाही जबरदस्त होता. डेबियनच्या ओपनएसएसएलमधून (गुप्त संदेशांसाठी डिजिटल किल्ल्या बनवणारं सॉफ्टवेअर) २००६ मध्ये एका टूलच्या इशाऱ्यावरून काही ओळी काढून टाकल्या आणि मे २००८ पर्यंत कुणाला कळलं नाही की किल्ल्या बनवताना रँडम म्हणून उरलाय तो फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला कॉम्प्युटर देतो तो क्रमांक), म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला अवघ्या ३२,७६८ शक्यता. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या किल्ल्या रँडमच दिसत होत्या. तर तो विशीतला पोरगा म्हणतो, अणूचंही तसंच असेल, आत कुठेतरी छोटा आकडा लपलेला असेल, सोर्स, म्हणजे मूळ कोड, बघा.

त्याला उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे. आत आधीच ठरलेला आकडा असेल आणि दूरवरच्या गोष्टीचा त्यावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर जोडीच्या दोन कणांवरच्या मापांत जुळणी किती येऊ शकते याला एक कमाल हद्द असते, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनं १९६४ मध्ये दाखवलं. प्रयोगात ती हद्द ओलांडली जाते. अ‍ॅस्पेनं १९८२ मध्ये दाखवलं, २०१५ मध्ये उरलेल्या मोठ्या पळवाटा बंद करून पुन्हा दाखवलं, २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना त्याच कामासाठी. म्हणजे "लपलेला आकडा असेल का" हा प्रश्नसुद्धा प्रयोगशाळेत नेऊन तपासला. याला हात टेकणं म्हणायचं असेल तर मला शब्दच उरत नाहीत.

पण आमच्या ग्रुपातला निक्सवाला इथं मला सोडत नाही. तो म्हणतो भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोहमचा १९५२ चा सिद्धांत बेलनं मारलेला नाही, त्यात कणाची जागा ठरलेली असते, फक्त दूरचा परिणाम मान्य करावा लागतो, मग "कारणच नाही" असं तू कुठल्या तोंडानं सांगतोस? बरोबर आहे त्याचं. मी विशीतल्या पोराला पूर्ण हरवू शकत नाही. मला फक्त इतकं म्हणता येतं की त्याला कारण हवं असेल तर त्याची किंमत काय ते आता लिहून ठेवलेलं आहे.

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते तू बरोबर होतास, पण मावशी तुला विज्ञान विचारत नव्हती, धीर मागत होती, "होशील गं बरी" म्हणायला काय गेलं असतं? मला हे पटत नाही, कारण तेच वाक्य तो माणूसही म्हणत होता आणि आम्हा दोघांत फरक काय राहिला असता? पण तिचं म्हणणं मला खोडूनही काढता येत नाही.

मावशीची पुढची तपासणी जवळ आलीये. पंचवटीची तिकिटं मीच काढलीत आणि मावसभावही येतोय. ती गाडीत परत तेच विचारणार आहे, इगतपुरीच्या आधीच विचारेल. या खेपेला निदान रक्ताच्या रिपोर्टमधला थायरोग्लोब्युलिनचा (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) आकडा हातात असेल आणि तो कशाला बघतात हे तिला समजावून सांगता येईल. तेवढं मी सांगणारे. "पण मी बरी राहणार ना" याला काय म्हणायचं, ते अजून ठरत नाहीये.