राईचा प्रस्ताव नागपूरला जाईपर्यंत

समुद्रावरच्या सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची, जमीन बाहेरच्या एका पार्टीनं घेतली, तिथं रिसॉर्ट होणार म्हणाले, तरी गाव शांत होतं. रस्त्याचा नकाशा आला तेव्हा मात्र गावात दोन तट पडले. रस्ता आमच्या देवराईतून जाणार होता. बदल्यात देवळाचा जीर्णोद्धार करून मिळणार होता, आणि मानकऱ्यांना स्लॅबचा सभामंडप कधीपासून हवाच होता.

‘देवाची राई, देव बघून घेईल’ यावर माझा तेवढा विश्वास नाही. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 37 खाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाला 2021 मध्ये तो दर्जा मिळाला, तिथल्या एका छोट्या माशासाठी. क्षेत्र जेमतेम 2.11 हेक्टर. त्यामुळे ‘आपली राई ती केवढीशी’ हे म्हणणं निकालात निघालं.

तोच दर्जा आमच्या राईसाठी मागायचा प्रस्ताव करायला घेतला. सातबारा, नकाशा वगैरे जमवताना हेलपाटे पडतातच, त्यात नवल नाही. घोळ निघाला लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांच्या, पशुपक्ष्यांच्या नोंदींच्या वहीत. ती कुणीतरी दुसऱ्याच गावची उतरवून काढलेली. आमच्या राईत नसलेली झाडं तिच्यात होती, आणि असलेली नव्हती. मग गुरवकाकांना घेऊन यादी नव्यानं केली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसली होती, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून. नर येऊन भरवत होता. खाली काजऱ्याच्या आणि इतर फळांच्या बियांचा सडा पडलेला. त्या बिया गोळा करूनच आमची निम्मी यादी झाली. एवढी ढोली पडायला झाड किती जुनं लागतं, हे काकांनी मला ऐकवलं ते वेगळंच.

खरी परीक्षा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत होती. गणपूर्तीची चिंता नव्हती, भांडायला सगळेच आले होते. “उद्या सरकार राईत पाय ठेवू देणार नाही, मग जत्रा कुठं करायची?” मी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना वाचून दाखवल्या: लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर बंधन येत नाही, त्यांनी स्वखुशीनं घालून घेतलेलं सोडून.

“परत वाच,” मागून आवाज आला.

परत वाचलं.

“आणि शिमग्याला होळीचं झाड?”

यावर तासभर गेला. शेवटी होळीचं झाड राईतूनच आणायचं, पण ढोलीच्या झाडाला हात लावायचा नाही, असं ठरावात आलं. मला होळीचं झाडही तुटायला नको होतं, पण ठराव गावाचा होता.

प्रस्ताव आता नागपूरला जैवविविधता मंडळाकडे आहे, अधिसूचना निघायची आहे. पार्टी रस्त्यासाठी दुसरीकडून जागा शोधते आहे. देवळाची कौलं गळतात ती गळतातच. त्यासाठी मानकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि पहिली पावती माझ्याच नावानं फाडली.