पस्तिसावं संमतिपत्र

माझ्या एमएसच्या प्रबंधाचा विषय कानाच्या पडद्याचा होता. वर्षानुवर्षं कान वाहून पडद्याला भोक पडतं, ते टिंपॅनोप्लास्टी करून बुजवतात. ठिगळ दोन ठिकाणांहून घेता येतं. एक म्हणजे कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण. दुसरी, कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो त्यातली कूर्चा. कूर्चा ताठ असते, सहसा आत ओढली जात नाही. पण ऐकायला ती आवरणाइतकीच चांगली ठरते का, हे मला तपासायचं होतं. कुणाला काय बसवायचं ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार होती.

ठाण्यातल्या ज्या रुग्णालयात मी शिकत होते, तिथे पावसाळ्यात कान वाहणाऱ्यांची रांग ओपीडीच्या दाराबाहेर जायची. त्या सोमवारी माझे ३४ रुग्ण झाले होते आणि ६० गाठायचे होते.

मावशी लोकमान्यनगरच्या. वागळे इस्टेटमधल्या एका पोळी-भाजी केंद्रात रोज दोनशे-अडीचशे पोळ्या लाटायच्या. दोन्ही कान लहानपणीच फुटलेले. गरम तेल, लसूण, सगळं टाकून झालेलं. मास्क हनुवटीखाली ओढून मी त्यांची हकीकत विचारली आणि त्यांनी नीट उत्तरं दिली. कान कोरडे होते, पडद्यांची भोकं मोठी, उजव्या कानाचं जास्तच. माझ्या अभ्यासात अगदी बसणारी केस.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरचं एक पोर खोकायला लागलं. मी मास्क वर घेतला आणि चार पानांचं संमतिपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. मावशी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी थांबले की मान हलवायच्या.

"कळलं ना मावशी?"

"हो, हो."

"काही विचारायचंय?"

"तुम्ही कराल ते चांगलंच कराल."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी निःपक्ष साक्षीदार लागतो, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं स्पष्ट म्हटलंय. पुढच्या पेशंटचा मुलगा सुरुवातीपासून शेजारी उभा होता, त्याने सही केली. मावशींनी अंगठा उठवला. कागद नियमाला धरून होता, बोट ठेवायला जागा नव्हती.

तासाभराने, ऐकण्याची तपासणी करणारे आमचे ऑडिओलॉजिस्ट मावशींचा आलेख घेऊन स्वतः आले. एरवी ते तो आयाबाईंच्या हाती पाठवतात. उजवा कान ६८ डेसिबल, डावा ५६, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकूच येत नाही. २५ पर्यंत आपण ठीक म्हणतो. हा दोष नुसता पडद्याचा नव्हता, इतकी वर्षं कान वाहिल्यावर आतली नसही कमजोर झाली होती.

"या बाई ओठ वाचतात, मॅडम. मी मास्क काढला तेव्हा कुठे त्यांना माझं बोलणं कळायला लागलं."

माझ्या पोटात गोळा आला. ओपीडीतला कालवा, माझा मास्क आणि चार पानं. साक्षीदाराने शब्द न् शब्द ऐकला होता. मावशींनी बहुधा काहीच नाही.

कागद तसाच ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, तो लपवत नाही. जेवणाच्या सुट्टीत गाईड मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तो कागद फाडायचा नाही. एक रेघ मार, कारण लिही, सही-तारीख घाल. आणि त्यांना ऐकू येईल अशा ठिकाणी पुन्हा सांग."

अशी जागा आमच्याकडे एकच, तपासणीची आवाजबंद खोली. मावशींना काचेपलीकडे बसवलं, हेडफोन चढवले, डाव्या कानाचा आवाज ९० डेसिबलवर नेला. मी मास्क काढून मायक्रोफोनसमोर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. या वेळी मान हलली नाही. तिसऱ्या वाक्यालाच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"चिठ्ठी? माझ्या कानात काय बसवायचं ते चिठ्ठी ठरवणार?"

"दोन्ही पद्धती चालतात, मावशी. त्यातली जास्त चांगली कोणती, ते आम्हाला अजून नक्की माहीत नाही. म्हणूनच हा अभ्यास."

त्या बराच वेळ काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाही म्हटलं तर ऑपरेशन होणार नाही का?"

"होणार. तुमच्या नंबरानेच होणार."

"मग माझं नाव नको. मोठ्या मॅडमना बघून जे बरं वाटेल ते बसवू दे."

सकाळी "तुम्ही कराल ते चांगलंच कराल" म्हणणाऱ्या याच मावशी. भोक मोठं असल्यामुळे मॅडमनी पुढे त्यांच्या उजव्या कानात कूर्चाच बसवली. माझ्या अभ्यासात त्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी ३४ फायली काढून बसले. साक्षीदाराचा नियम न वाचता येणाऱ्यांचा विचार करतो, न ऐकू येणाऱ्यांचा विचार मीच करायला हवा होता. ज्यांचा बरा कानसुद्धा ४०च्या पुढे होता असे पाच जण निघाले. मॅडमच्या परवानगीने त्यांना नेहमीच्या तपासणीच्या दिवशी त्याच खोलीत बसवून सगळं पुन्हा सांगितलं. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येतं, हेसुद्धा. एक बाई बाहेर पडल्या. चौघे राहिले.

त्यातले एक काका, कळव्याचे, निवृत्त वॉचमन. ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले, पडदा छान धरलेला. चिठ्ठीचं ऐकून त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं."

"मीच सांगितलं होतं, काका."

"असेल." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "मग माझ्या चिठ्ठीत काय निघालं?"

"कूर्चा. कानापुढच्या या उंचवट्यातली."

त्यांनी बोट तिथे नेलं आणि दाबून, चाचपून पाहिलं.

"म्हणून इथे टाका होता होय. मी तीन महिने विचार करतोय, ऑपरेशन आतलं, मग टाका बाहेर कशाला."