सेमेलवाइसचा शेवट आणि डॉक्टर देतूश

५ मे म्हणजे जागतिक हात स्वच्छता दिन. आमच्या स्त्रीरोग विभागात त्या दिवशी पीजी विद्यार्थ्यांचा सेमिनार असतो आणि दरवर्षी हात धुण्याची सक्ती करणारा डॉक्टर सेमेलवाइस येतोच. यंदाच्या मुलाने स्लाइड छान केल्या होत्या. १८४७ सालचं व्हिएन्नाचं जनरल हॉस्पिटल, शवविच्छेदनावरून थेट बाळंतिणींकडे जाणारे विद्यार्थी, क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास. एरवी डुलक्या काढणारे इंटर्नसुद्धा ऐकत होते.

शेवटची स्लाइड काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत. वेडा झालेला सेमेलवाइस विच्छेदनगृहात घुसतो, प्रेत चिरतो, त्याच सुरीने स्वतःला कापून घेतो आणि त्यातच मरतो.

"हे कुठून आणलंस रे?"

"मॅडम, एका फ्रेंच डॉक्टरचा प्रबंध आहे, १९२४चा. लुई-फर्दिनां देतूश."

म्हणजे सेलीन! मी उठलेच. असं काही घडलंच नव्हतं. सेमेलवाइसला फसवून व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं, तिथे बहुधा मारहाण झाली, जखम चिघळली आणि दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ला, तो गेला. प्रबंधातल्या चुका एका हंगेरियन डॉक्टरने तेव्हाच दाखवून दिल्या होत्या.

"पण मॅडम, हा सेलीन कोण?"

ओपीडी तुंबली होती, तरी सांगितलं. सेलीन हे देतूशचंच लेखक म्हणून घेतलेलं नाव. पॅरिसला लागून असलेल्या क्लिशीतल्या सरकारी दवाखान्यात गरिबांना तपासणारा डॉक्टर. १९३२च्या पहिल्याच कादंबरीत त्याने रस्त्यावरची बोली अशी आणली की फ्रेंच गद्य हादरलं. गोंकूर पारितोषिक हुकलं, रनोदो पारितोषिक मिळालं. आणि १९३७पासून ज्यूंविरुद्ध विष ओकणारी तीन पुस्तकं, तिसरं तर १९४१मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना. १९४४मध्ये तो जर्मनीत पळाला, मग डेन्मार्कमध्ये तुरुंगात पडला. १९५०मध्ये गैरहजेरीत एक वर्षाची शिक्षा, १९५१मध्ये पहिल्या महायुद्धातला जखमी सैनिक म्हणून माफी. शेवटची वर्षं पॅरिसजवळच्या मदाँत पुन्हा दवाखान्याची पाटी लावून काढली, १९६१मध्ये वारला. २०११मध्ये फ्रेंच सरकारने राष्ट्रीय स्मरणाच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि ओरड झाल्यावर काढलं.

"डॉक्टर म्हणून चांगलाच होता की," मागून एक जण म्हणाला.

हे मला पटत नाही. दवाखान्यातला देतूश वेगळा आणि ज्यूद्वेष्टा सेलीन वेगळा, अशी वाटणी सोयीची आहे, एवढंच. परिणाम साधण्यासाठी खरं वाकवायची खोड प्रबंधातच दिसते. तिथे तिने एका मेलेल्या माणसाचा मृत्यू रंगवला. पुढे जिवंत माणसांच्या जिवावर उठलेल्यांना तिने शब्द पुरवले. कादंबरी थोर आहे, ती मी पुन्हा वाचीन. पण तिच्या पुण्याईवर ती तीन पुस्तकं खपवून घेणार नाही.

"मग स्लाइड काढू का, मॅडम?"

"राहू दे. खाली खरा मृत्यू लिही, आणि हे कुणी रचलं तेही. चल आता, ओपीडीत सगळे खोळंबलेत."